पॉइंट फोममध्येच राहिला: एका केंद्रातल्या बाणांचं गोंद-प्रकरण

मे महिन्यातली दुपार. शेवटचा एंड, म्हणजे बाण मारण्याची फेरी, संपला, मुलं बाण काढायला टार्गेटकडे गेली आणि नववीतली एक मुलगी तिथूनच ओरडली, "काका, ह्याचंही डोकं गेलं!" तिच्या हातात कार्बनची काळी नळी होती. पिसं शाबूत, दोरीत अडकणारा मागचा नॉक शाबूत, पुढचं धातूचं टोक, म्हणजे पॉइंट, मात्र गायब. तो फोमच्या आत वीतभर खोल कुठेतरी अडकलेला. त्या आठवड्यातला हा अकरावा.

पॉइंट शोधायला मी घरून लोहचुंबक नेलं होतं, तर चुंबक ढिम्म. आमचे पॉइंट ज्या जातीच्या स्टेनलेस स्टीलचे आहेत ती चुंबकाला दाद देत नाही. आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे आधी आठवायला हवं होतं. शेवटी लांब चोचीच्या पकडीने फोम उसवून चार पॉइंट काढले. सात आतच राहिले.

केंद्र सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. आमच्याकडे तिरंदाजीचं वेड का पसरलं ते वेगळं सांगायला नको. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिकं खेळून आला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची (चाकं लावलेल्या यांत्रिक धनुष्याची) जगज्जेती झाली, आणि त्याच स्पर्धेत पुरुषांचं विजेतेपद नागपूरच्या ओजस देवतळेने घेतलं. पुढे लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येणार असं ठरलं, तसे रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं बिनचाकाचं धनुष्य, सोडून कंपाउंडकडे वळणारे पालक वाढले. मुलं वाढली, सामान वाढलं. सामान दुरुस्त करणारा मात्र मी एकटाच. मी धनुष्य ओढत नाही, उजवा खांदा कधीच गेलाय. पण बाण जोडणं ही फिटिंगची कामं आहेत, म्हणून केंद्राच्या प्रशिक्षक सरांनी मला बोलावलं ते कायमचं.

आता ह्या अकरा बाणांविषयी. पालकांचं मत एका वाक्यात होतं: गोंद कमजोर आहे, जास्त पक्का आणा. एका मुलाचे वडील तर दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून सगळ्यात महाग इपॉक्सीच्या नळ्या घेऊनच आले. "काका, ह्याने आम्ही पाण्याच्या टाकीला पडलेली भेग बुजवली. बाण काय चीज आहे!"

मला ते पटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं साधा गुणाकार. आमच्या कंपाउंडच्या बाणांच्या नळीचा आतला व्यास ४.२ मिलिमीटर. पॉइंटची आत जाणारी दांडी सुमारे ३० मिलिमीटर लांब. म्हणजे गोंद धरतो ते क्षेत्रफळ झालं जवळजवळ ४०० चौरस मिलिमीटर. समजा गोंद अगदीच यथातथा आहे आणि दर चौरस मिलिमीटरला फक्त १०० ग्रॅम भार पेलतो. तरी पॉइंट ४० किलोपर्यंत हलणार नाही. तेरा-चौदा वर्षांचं पोर एका हाताने टार्गेट दाबून दुसऱ्या हाताने बाण ओढतं तेव्हा एवढा जोर लागत नाही. म्हणजे कागदावर कुठलाही गोंद पुरायला हवा. तरीही अकरा पॉइंट गेले. तेव्हा गोंदाच्या ताकदीवर बोट ठेवण्याआधी निघालेले सांधे बघणं भाग होतं.

सांधे काय सांगत होते

यंत्राचा भाग तुटला की आधी तुटलेला चेहरा बघायचा, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. अकराही नळ्या रांगेत मांडल्या, भिंगाने तोंडं पाहिली, आणि तीन टाकाऊ नळ्या उभ्या चिरल्या. (कार्बन कापायचा तर तोंडाला मास्क आणि करवतीवर पाण्याची धार हवी. ती काळी धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नसते, आणि तिची कुसळं बोटात शिरली की आठवडाभर आठवण देतात.)

तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच तक्रारीखाली दडल्या होत्या.

सात नळ्यांच्या तोंडाशी गोंदाच्या तारा लोंबत होत्या. पिझ्झ्यावरचं चीज ओढल्यावर निघतात तशा. हाच गोंद सापडलेल्या पॉइंटच्या दांडीवरही होता, म्हणजे तो दोन्हीकडून सुटला नव्हता, मधूनच फाटला होता. ह्याचा अर्थ त्याने पकड नीट घेतली होती. पॉइंट सुटला त्या क्षणी तो मऊ होता. चौकशी केली तेव्हा कळलं की माझ्या गैरहजेरीत कुणीतरी शाळेच्या प्रोजेक्टला वापरतात त्या ग्लू गनची पांढरी कांडी वापरून हे सात जोडले होते.

तीन नळ्यांत पांढरे, काचेसारखे कपचे होते. हा सुपरग्लू. घरी पॉइंट सैल झाला की पालक पाच रुपयांची नळी फोडतात आणि काम झालं समजतात. सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने सेकंदांत घट्ट होतो, सरळ ओढलं तर झकास धरतो, पण ठिसूळ असतो. बाणाचा पॉइंट दर वेळी टार्गेटवर आदळतो. शंभर-दोनशे आघातांत त्या काचेला भेगा पडत जातात आणि एक दिवस सगळा थर चुरा होऊन बाहेर येतो. शिवाय त्याला पातळ फट लागते. दांडी आणि नळी ह्यांच्यात जराशी पोकळी असली की तो ती भरत नाही.

अकरावा बाण माझाच होता. मीच जोडलेला, तिरंदाजीसाठी मिळणाऱ्या चांगल्या हॉट मेल्ट (तापवून वितळवायच्या गोंदाच्या) कांडीने. नळीच्या आत गोंदाची अख्खी सुबक नळी तशीच चिकटलेली, आणि तिच्यातून पॉइंट म्यानातून सुरी निघावी तसा स्वच्छ, चकचकीत निघून आला होता. गोंदाने कार्बन धरला, स्टील धरलंच नाही. दोन चुका असू शकतात: दांडीवर कारखान्यातल्या तेलाचा अंश राहिला, किंवा पॉइंट पुरेसा गरम न करताच गोंद लावला. थंड धातूला टेकताच गोंदाचा तळचा थर गोठतो, वरून तो छान ओला दिसतो, पण खाली काही धरलेलं नसतं. मला आठवलं, त्या दिवशी पंखा चालू होता आणि मी घाईत होतो. दोन्ही चुका झाल्या असतील.

ऊन की घर्षण

सात बाणांचा गोंद मऊ कशाने झाला? सरांचं म्हणणं, घर्षणाने. एप्रिलमध्ये केंद्राने दाबलेल्या फोमचे नवे टार्गेट घेतले होते. ते बाणाला असे आवळतात की कंपाउंडचा बाण काढल्यावर त्याच्या अंगावर वितळलेल्या फोमचं काळं कडं दिसतं. बाण हाताला कोमटही लागतो.

पुन्हा हिशोब मांडला. कंपाउंडचा २२ ग्रॅमचा बाण ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे त्याच्यात सुमारे ७५ ज्यूल ऊर्जा असते. रिकर्व्हच्या बाणात ह्याच्या निम्मीही नसते, आणि अकरापैकी नऊ बाण कंपाउंडचे का होते त्याचं एक कारण इथे मिळतं. ही सगळी ऊर्जा वीतभर फोममध्ये संपते. आमचा पॉइंट ११० ग्रेनचा, म्हणजे सात ग्रॅमचा. समजा ऊर्जेचा चौथा भाग उष्णता होऊन त्याच पॉइंटमध्ये गेला, तरी तो पाच-सहा अंशांनी तापेल. गोंद वितळायला हे पुरेसं नाही. घर्षणाने नळीच्या कातडीला चटका बसतो, आतल्या सांध्याला फार तर ऊब पोहोचते.

मग उरलं ऊन. कोविडच्या काळात घेतलेलं कपाळाचं थर्मामीटर बाणाकडे रोखून पाहिलं, तर ते माणसाचा ताप सोडून दुसऱ्या कशाला उत्तर द्यायला तयार नाही. 'हाय' एवढंच दाखवून गप्प. एसी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या पोराकडून त्याचं यंत्र आणलं. (चकचकीत स्टीलवर हे यंत्र खोटा आकडा दाखवतं, म्हणून काळ्या नळीवर रोखायचं.) सावलीत ठेवलेला बाण ३९ अंश. उन्हात क्विव्हरमध्ये (भात्यात) पाऊण तास उभा असलेला बाण ६३ अंश. काळी वस्तू, वारा पडलेला, खाली तापलेली जमीन. ग्लू गनची साधी कांडी ह्या तापमानाला लोण्यासारखी होत नाही, पण सतत ओढलं तर सरकू लागते. त्यात आवळणारा नवा फोम, त्यात घर्षणाचे वरचे पाच अंश, आणि त्यात मुलांची सवय: बाण निघत नसला की पिळायचा. सरळ ओढला तर बाहेर आला असता असा पॉइंट पिळल्यावर आत राहतो.

असा उलगडा झाला. मग तो इपॉक्सीवाला पर्याय का नको? तो तर साठ-पासष्ट अंशांत वितळून वाहत नाही. सगळे बाण इपॉक्सीने जोडून मोकळं व्हावं, असं मलाही क्षणभर वाटलं. तेवढ्यात बारावीतल्या एका मुलाचे बाण माझ्याकडे आले.

पक्क्या गोंदाची किंमत

हा मुलगा आमच्यातला सगळ्यात चांगला. वर्षभरात चार इंच वाढला, धनुष्याचा ताण वाढवला, आणि त्याचे बाण एका बाजूला जाऊ लागले. सरांनी सांगितलं, पॉइंट हलके करून बघू, १२० ग्रेनऐवजी १००. बाण पुढून हलका केला की सुटताना तो कमी वाकतो, म्हणजे कडक असल्यासारखा वागतो, आणि वाढलेल्या ताणाशी त्याचा मेळ बसवण्याचा हा एक मार्ग असतो. नळ्या नव्या घ्यायच्या नाहीत, फक्त पॉइंट बदलायचे. कमी खर्चाचं काम.

पण गेल्या वर्षी त्याच्या वडिलांनी हौसेने, स्वतः, चोवीस तासांच्या इपॉक्सीने पॉइंट बसवले होते. अतिशय निगुतीने. आता निघेनात. वडिलांनी घरच्या गॅसवर टोक धरलं आणि पकडीने ओढलं. पहिले दोन निघाले. त्यामुळे धीर आला. तिसऱ्याला ज्योत पॉइंटवरून नळीवर गेली. कार्बनची नळी म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. आणि ते रेझिनही बहुधा इपॉक्सीच्याच घराण्यातलं. बाहेरचा गोंद सोडवायला जेवढी आच द्यावी लागते, तेवढ्याच आचेने नळीचा स्वतःचा गोंदही सुटतो. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नळीचं तोंड केरसुणीसारखं पिंजारलं होतं. पहिले दोन वरून ठीक दिसत होते. मी त्यांना कानाजवळ धरून हलकेच वाकवलं, तर एकातून बारीक कट-कट आवाज आला. तो मी तिथेच मोडून टाकला. असा बाण सुटताना फुटला तर कार्बनची कुसळं धनुष्य धरलेल्या हातात जातात. त्यावर चर्चा नको.

आयात केलेल्या बाराच्या संचातले चार गेले. ते वडील एमआयडीसीत बारा तासांची पाळी करतात. ते काही बोलले नाहीत, मीही काही बोललो नाही. चहा घेतला.

ह्या चार नळ्यांनी मला जे शिकवलं ते पॉइंट हरवलेल्या अकरा बाणांनी शिकवलं नव्हतं. बाणाचा सांधा हा कायमचा सांधा नव्हेच. पॉइंट वाकतो, दगडावर बसून बोथट होतो, मूल वाढतं, वजन बदलावं लागतं. टाकीची भेग पुन्हा उघडायची नसते. पॉइंट पुन्हा उघडायचा असतो. म्हणून गोंद निवडताना तो किती धरतो हा प्रश्न अर्धाच आहे. तो कशाने सोडतो, आणि सोडताना नळी वाचते का, हा उरलेला अर्धा.

आणि हा प्रश्न आमच्या गावात नवा नव्हता. बाजारपेठेतल्या सोनाराकडे मी सहज हे बोललो, तर तो हसला. त्याच्या समोर लाखेच्या गोळ्यात रुतवलेली पाटली होती. नक्षीकाम चालू असताना दागिना तसूभर हलता कामा नये, आणि काम संपलं की ओरखडा न पडता सुटला पाहिजे, म्हणून लाख. जुन्या तलवारीची मूठही अशीच बसवत. मुठीच्या पोकळीत लाख-राळेचं मिश्रण वितळवून पात्याचा मागचा दांडा आत खोवायचा, थंड झालं की पक्कं. पातं बदलायचं तर मूठ शेकायची. लढाईतला घाव झेलणारा सांधा आणि तरी चुलीच्या आचेने सुटणारा. आजची हॉट मेल्ट कांडी ही त्या लाखेचीच आधुनिक नातेवाईक.

बादलीची परीक्षा

हॉट मेल्टच्याही जाती असतात, म्हणून कांडी निवडायला परीक्षा घेतली. टाकाऊ नळ्यांचे तुकडे, प्रत्येकात वेगळ्या गोंदाने बसवलेला पॉइंट, नळी वर अडकवलेली, पॉइंटला पकड, पकडीला पाण्याने भरलेली पंधरा लिटरची बादली. एकदा सावलीत, एकदा दुपारी दीडच्या उन्हात पत्र्यावर तापवून. प्रयोगशाळेचं काम नव्हे हे, पण केंद्रापुरतं उत्तर द्यायला पुरे.

सावलीत पाचही गोंदांनी बादली उचलून धरली. तो गुणाकार खोटा नव्हता.

उन्हात ग्लू गनची कांडी आठ-दहा मिनिटांत सरकत सरकत सुटली. कमी तापमानाची म्हणून तिरंदाजीसाठी विकतात ती कांडी अर्ध्या तासात केसभर सरकली, पण सुटली नाही. जास्त तापमानाची, पिवळसर, राळेसारखी दिसणारी जुनी कांडी आणि संथ इपॉक्सी जागचे हलले नाहीत. सुपरग्लूनेही उन्हात बादली धरली, आणि पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी तो तुकडा काढून लाकडी ठोकळ्यावर टोकाच्या बाजूने वीस वेळा आपटला आणि पुन्हा बादली लावली. बादली पडली. पाणी माझ्या चपलांवर.

दुसरी परीक्षा सोडवण्याची. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, पॉइंटचं टोक त्यात बुडवायचं, पकडीने ओढायचं. पाण्याचा फायदा हा की ते उकळीच्या पलीकडे तापतच नाही. साताऱ्याच्या उंचीवर तर शंभरच्याही दोन-तीन अंश खालीच उकळतं. नळीला इजा होईल एवढी आच चुकूनही जात नाही. त्यामुळे हे काम नववीतल्या पोरांनाही देता येतं. कमी तापमानाची कांडी मिनिटभरात सुटली. पिवळी कांडी पाण्याला बधली नाही, तिला ज्योतच हवी. इपॉक्सी तर नाहीच.

म्हणजे उन्हात सगळ्यात भरवशाचे दोन गोंद सोडवायला नळीशी वैर धरणारे, आणि पाण्यात सहज सुटणारा तो उन्हात केसभर सरकणारा. सर म्हणाले, "मग काका, पिवळीच घ्या ना. ज्योत तुम्ही सांभाळाल." मी सांभाळेन, पण घरी पालक काय करतील ते नुकतंच पाहिलं होतं. जिथे चूक झाली तरी नुकसान एका पॉइंटचं होतं, नळीचं नाही, तो गोंद मी निवडला. सरांना हे लगेच पटलं नाही. स्पर्धेत पॉइंट गेला तर तो बाणही गेला, असं त्यांचं म्हणणं, आणि तेही खरंच आहे. शेवटी तडजोड झाली ती उन्हावर: क्विव्हर आणि बाणांचे स्टँड शेडखाली, टार्गेटवर पांढरं कापड, जेवणाच्या सुट्टीत एकही बाण टार्गेटमध्ये ठेवायचा नाही, आणि गाडीच्या डिकीत बाण मुळीच नाहीत. बाण पिळायचा नाही, टार्गेटजवळ धरून सरळ ओढायचा. फोम फार आवळत असला तर नळीच्या पुढच्या वीतभर भागावर कपडे धुण्याच्या साबणाची कोरडी वडी फिरवायची.

एक अपवाद मात्र ठेवला, आणि तो ठेवताना मला सगळ्यात बरं वाटलं. नवशिक्या मुलांच्या जाड नळीच्या बाणांना आत ॲल्युमिनियमचा आटेवाला इन्सर्ट असतो आणि पॉइंट त्यात स्क्रूसारखा फिरवून बसतो. तिथे सुटण्याची सोय आट्यांनी आधीच केली आहे. मग इन्सर्टला सुटण्याची गरजच काय? तिथे संथ इपॉक्सी. हार्डवेअरच्या दुकानातून आलेल्या इपॉक्सीच्या नळ्या इथे कामी आल्या. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी नको. घाईच्या इपॉक्सीला उष्णता आणि ओलावा दोन्ही कमी सोसतात.

बसवायची रीत

हॉट मेल्टसाठी: नळीचं आतलं तोंड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं, काळं येणं थांबेपर्यंत. ॲसिटोन आत ओतायचं नाही. दांडीला बारीक पॉलिश पेपरने ओरखडे, मग तीच पुसणी, मग बोट लावायचं नाही. मागचा नॉक काढून ठेवायचा. हे मी सुरुवातीला विसरायचो: नळीचं मागचं तोंड बंद असलं की पॉइंट पिस्टनसारखा आतली हवा दाबतो आणि गोंद गरम असेपर्यंत ती हवा त्याला हळूच बाहेर ढकलते. आपण मान वळवून परत बघतो तर पॉइंट दोन मिलिमीटर बाहेर.

पॉइंटचं टोक पकडीत, दांडी स्पिरिटच्या दिव्यावर, मग कांडी दांडीला टेकवायची. कांडी ज्योतीवर धरायची नाही; दांडीच्या उष्णतेने ती वितळली पाहिजे. वितळली तर दांडी पुरेशी गरम आहे, हाच थर्मामीटर. दांडीभर पातळ थर, आणि गोल फिरवत नळीत आत. नळीला आच शून्य. बाहेर आलेला गोंद थंड झाल्यावर नखाने सोलून निघतो. माझ्या हातून सुटलेल्या त्या अकराव्या बाणात ह्यातल्या दोन पायऱ्या गाळल्या होत्या.

इपॉक्सीच्या इन्सर्टला आणखी एकच गोष्ट: बाण टोक खाली करून रात्रभर उभे ठेवायचे. नाहीतर जास्तीचा गोंद नळीतून मागे ओघळतो, प्रत्येक बाणात वेगळ्या जागी गोठतो, आणि मग एकाच संचातले बाण वजनाने आणि तोलाने एकमेकांशी भांडतात.

पिसांचा, म्हणजे मागच्या प्लास्टिकच्या व्हेनचा, प्रश्न ह्याहून सोपा. तिथे सुपरग्लूच योग्य. जोड पातळ, लांब, टोकाच्या आघातापासून दूर; आणि व्हेन निघालीच तर सुरीने खरवडून नवी लावता येते. बुडाला अल्कोहोल, मग हात नाही. नॉकला कधीच गोंद नाही. सैल झाला तर पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा मध्ये घालून दाबायचा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर सरावाच्या बाणांतले दोनच पॉइंट गेले. दोन्ही एकाच संचातले, दोन्ही माझ्या हातचे. मुलगा पावसात भिजून आला होता, दुसऱ्या दिवशी निवड चाचणी, आणि मी नळ्या वरवर पुसून गरम पॉइंट आत घातले. नळीत थेंबभर पाणी राहिलं असणार. त्याची वाफ झाली आणि गोंदात बुडबुडे धरले. फुटलेला थर भिंगाखाली जाळीदार बिस्किटासारखा दिसत होता. आता पावसाळ्यात नळ्या आदल्या रात्री उभ्या करून वाळवतो, घाई असो वा नसो. इपॉक्सीलाही दमट हवेत बाहेरच्या कडेवर चिकट मेणचट थर येतो, तो कोमट पाण्याने पुसला की जातो. आतल्या जोडाला त्याने काही झालेलं दिसलं नाही.

बारावीतल्या त्या मुलाच्या उरलेल्या आठ नळ्यांपैकी एकीचा पॉइंट वडिलांनी काढलेलाच होता; बाकी सातांचे मी आजही हलवलेले नाहीत. ते सात तो सरावाला वापरतो, धनुष्यच थोडं जुळवून घेतलं. स्पर्धेसाठी वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून दुसरा संच घेतला आणि या वेळी पॉइंट सुटे ठेवून माझ्याकडे आणून दिले. १०० ग्रेन बसवले, मग ११०, पुन्हा १००. दर वेळी पातेलं, पकड, पाच मिनिटं. तिसऱ्या वेळी वडिलांनी स्वतः केलं आणि मी नुसता बघत बसलो.

सप्टेंबरअखेर टार्गेटचा झिजलेला मधला फोम बदलला, तेव्हा उन्हाळ्यात आत राहिलेले पॉइंट बाहेर आले. मोजले तर सहा. सातवा अजून कुठेतरी आतच आहे. अधूनमधून एखाद्या बाणाचा 'टण्' असा आवाज येतो, आणि सगळी मुलं आधी टार्गेटकडे आणि मग माझ्याकडे बघतात.